किडनीतली छोटी गाठ: बायोप्सीचा आकडा कसा वाचायचा?

पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली आणि किडनीत अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली, असे रुग्ण आता सोलापुरातही नवलाचे राहिलेले नाहीत. गाठीचा त्रास काहीच नसतो. मग पुढं काय? स्तनातल्या गाठीचा आधी तुकडा तपासतात, मग उपचार. किडनीत मात्र बरीच वर्षं उलटं चाललं: सीटी स्कॅनवर संशय आला की थेट ऑपरेशन, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नंतर.

चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसते. तरी सगळ्यांची बायोप्सी का करत नाहीत? "सुई लावली की गाठ पसरते" हे आपल्याकडं घरोघरी ऐकू येतं. आवरणातून जाणाऱ्या आजच्या सुईनं तसं होणं फार विरळ. खरी गोम आकड्यांत आहे.

2016 मध्ये 'युरोपियन युरॉलॉजी'त 57 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. बायोप्सीची संवेदनशीलता, म्हणजे कॅन्सर असताना तो ओळखण्याची क्षमता, 99 टक्के. वाटतं, झालं की काम! पण त्याच आढाव्यात निदान लागण्याचं प्रमाण 92 टक्के आहे. उरलेल्यांचं काय? संवेदनशीलता काढताना असे नमुने सहसा बाजूला ठेवतात. त्याच वर्षी 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'तल्या आढाव्यात, निदान न लागलेल्यांपैकी ज्यांचं पुढं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या सुमारे 90 टक्के गाठी कॅन्सरच्या निघाल्या.

वहीत मांडून बघा. समजा 100 रुग्ण, 80 जणांना कॅन्सर. आठांचं निदान लागलं नाही, त्यातल्या सात गाठी कॅन्सरच्या. राहिले 73, त्यातले 72 ओळखले. 73 नं भागलं तर 99 टक्के, 80 नं भागलं तर 90. सुई तीच, रुग्ण तेच, फक्त छेद बदलला! म्हणून "निदान लागलं नाही" याचा अर्थ "कॅन्सर नाही" असा कधीच घेऊ नका. शक्य असेल तर बायोप्सी पुन्हा करतात.

दुसरी खोच: बायोप्सीत साधी गाठ निघाली की ऑपरेशन टळतं. रुग्णासाठी चांगलंच, पण मग तो निकाल बरोबर होता का, हे पडताळायला गाठच हातात नसते.

बायोप्सी उपयोगी कुणाला? जिच्या उत्तरानं निर्णय बदलेल त्याला. हृदयविकार असलेले 75 वर्षांचे आजोबा, गाठ जाळण्याचा उपचार ठरलेला रुग्ण, किंवा आधी दुसरा कॅन्सर होऊन गेलेला. कसंही ऑपरेशनच करून घेणार असलेल्या धडधाकट माणसाला तिचा फायदा कमी.

आता बार्शीकडं या. तिथली कॅन्सर नोंदणी 1987 ची, ग्रामीण भागातली देशातली पहिली. अशा नोंदणीत निदान कशावरून झालं हेही लिहितात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्यांचं प्रमाण हा तिच्या दर्जाचा एक निकष असतो. ऑपरेशन झालं तर ती खात्री काढलेल्या गाठीवरून होते. गाठ जाळली किंवा नुसतं लक्ष ठेवलं, तर बायोप्सीशिवाय होतच नाही.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर तुमच्या कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात ऑपरेशन झालेल्या लहान गाठींपैकी किती साध्या निघाल्या, ते मोजता येईल. फक्त ऑपरेशनपर्यंत न पोचलेले रुग्ण त्या रजिस्टरात नसतात, हे पद्धतीच्या प्रकरणातच लिहा.