खाली वाकताना

पाणवठ्यावर आलेला जिराफ लगेच पाणी पीत नाही. काठाशी येऊन उभा राहतो आणि नुसता पाहत राहतो. झेब्रे येतात, पाणी पितात, निघूनही जातात. हा अजून पलीकडच्या झुडपांकडे कान रोखून उभाच. मग पुढचा एक पाय जरासा बाजूला सरकवतो, दुसरा सरकवतो, काहीतरी खटकतं आणि पुन्हा ताठ होतो. असं दोन-तीनदा झाल्यावर पाय एकदाचे फाकतात, खांदे खाली येतात आणि तोंड पाण्याला लागतं. एवढी लांब मान, पण जमिनीपर्यंत पुरत नाही. पाय तिच्याहूनही लांब. थोडं पाणी ओढून झालं की डोकं झटक्यात वर जातं आणि ओठांवरून उडालेल्या पाण्याची कमान क्षणभर हवेत दिसते.

जिराफाची उंची कुणाच्याही नजरेत भरते. मला मात्र त्याचं हे वाकणं जास्त विलक्षण वाटतं. त्याच्या शरीराला सगळ्यात अवघड काम इथं करावं लागतं, आणि त्याच्या जिवावर जे बेततं तेही बहुतेक जमिनीवरूनच.

आधी वर चढणाऱ्या रक्ताचं पाहू. पूर्ण वाढलेल्या नराचा मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर वर असतो. तिथवर रक्त चढवायचं तर तसाच दाब हवा. माणसाचा रक्तदाब १२०/८० असला की डॉक्टर समाधानाने मान हलवतात. जिराफाचा, हृदयाच्या पातळीवर मोजलेला, २२०/१८० च्या घरात असतो. यासाठी त्याचं हृदय शरीराच्या मानाने अवाढव्य असणार, अशी बरीच वर्षं समजूत होती. प्रत्यक्ष वजनं केल्यावर ती टिकली नाही. हृदयाचं वजन शरीराच्या सुमारे अर्धा टक्का, म्हणजे इतर सस्तन प्राण्यांइतकंच. फरक आहे तो डाव्या कप्प्याच्या भिंतीत. ती कमालीची जाड असते आणि आतली पोकळी लहान. पिल्लाची मान वाढत जाते तशी ही भिंतही जाड होत जाते.

आता हेच डोकं पाण्यापर्यंत खाली आलं, की मेंदू हृदयाच्याही खाली जातो. वर चढवण्यासाठी लावलेला सगळा जोर उलट मेंदूवर कोसळायला हवा. तो कोसळत नाही. मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं एक जाळं आहे, ते दाबाचा धक्का सौम्य करतं, असं मानलं जातं. मानेतल्या मोठ्या शिरांना झडपा आहेत, त्यामुळे हृदयाकडे निघालेलं रक्त उलटं डोक्याकडे घसरत नाही. पण सगळ्यात सुंदर युक्ती वेगळीच आहे. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की डोकं खाली असताना या शिरा फुगतात आणि लिटरभराहून जास्त रक्त मानेतच साठून राहतं. तेवढं रक्त हृदयाकडे कमी परततं, म्हणून हृदय कमी रक्त ढकलतं आणि दाब आपोआप उतरतो. डोकं वर उचललं की तेच साठलेलं रक्त धावत हृदयाकडे येतं, आणि नेमक्या त्या क्षणी, एरवी भोवळ आली असती तेव्हा, वर पाठवायला भरपूर रक्त हाताशी असतं. तुम्ही-आम्ही पलंगावरून चटकन उठलो तरी कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. हा प्राणी चार-पाच मीटरचा झोका घेऊन लगेच पळूही शकतो.

पायांचंही तसंच. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या कंडक्टरला, शिक्षिकेला, दुकानातल्या विक्रेत्याला संध्याकाळी पोटऱ्या जड होण्याचा अनुभव असतो. जिराफाच्या खुरांपाशी हृदयाच्या दाबात वरच्या रक्तस्तंभाचा पाऱ्याच्या दीडशे मिलिमीटरएवढा भार मिळतो, तरी त्याचे पाय सुजत नाहीत. कातडी इतकी घट्ट बसलेली, की आयुष्यभर घट्ट मोजे चढवल्यासारखी; शिवाय गुडघ्याच्या खालीच धमनी एकाएकी अरुंद होते आणि पुढचा दाब रोखून धरते. एवढ्या रक्तदाबाने आपली मूत्रपिंडं, डोळे, हृदय सगळंच पोखरून निघालं असतं. त्याचं काहीच का होत नाही, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. २०२१ मध्ये चिनी आणि युरोपीय संशोधकांनी जिराफातला एका जनुकाचा खास बदल उंदरात घातला. रक्तदाब वाढवणारं औषध दिलं तरी त्या उंदरांचा दाब वाढला नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घरोघरी असलेल्या आपल्या देशात या वाटेकडे बारकाईने लक्ष असायला हवं.

शरीराने एवढी तजवीज केली, तरी पाय फाकवून वाकलेला जिराफ असहाय असतोच. उभ्या जिराफाच्या लाथेने सिंहाचाही जीव जाऊ शकतो. पाण्यावर वाकलेला असताना मात्र त्या पायांचा उपयोग शून्य. म्हणून तो वाकणंच टाळतो. पाल्यातल्या ओलाव्यावर दिवसच्या दिवस काढतो. बाभळीच्या काट्यांमधून जवळजवळ अर्धा मीटर लांब, काळपट जीभ घालून तो कोवळी पानं ओरबाडून घेतो, तेव्हा खाणं आणि पिणं दोन्ही उरकत असतं.

पिल्लाचं आयुष्य तर जमिनीवर पडूनच सुरू होतं. पंधरा महिने पोटात वाढून ते उभ्या आईपासून सुमारे दोन मीटर खाली आदळतं. तासाभरात ते लटपटत उभं राहतं. तेव्हाच त्याची उंची बऱ्याच पुरुषांपेक्षा जास्त असते. सिंह आणि तरस याच दिवसांची वाट पाहत असतात. अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षही पाहत नाहीत.

पण सिंह-तरसांनी जिराफ संपवला नसता. १९८५ च्या सुमारास आफ्रिकेत दीड लाखाहून जास्त जिराफ होते. २०१५ मध्ये ते लाखाच्या आत आले. आफ्रिकेतल्या हत्तींच्या जेमतेम चौथा हिस्सा. हत्तीसाठी जग हळहळलं, जिराफ मात्र गुपचूप घटत गेला. एवढा मोठा प्राणी कुणाच्या नजरेआड कसा होईल, असंच आपण सगळे धरून चाललो होतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जिराफाच्या एक नव्हे, चार जाती मान्य केल्या, आणि चिंता वाढली. कारण त्यांपैकी उत्तरेकडच्या जातीचे सात हजारांच्या आसपासच प्राणी उरले आहेत.

याच जातीचा पश्चिम आफ्रिकी उपप्रकार एके काळी सेनेगलपासून चाड सरोवरापर्यंत फिरायचा. १९९६ मध्ये त्याची मोजणी झाली तेव्हा ४९ जिराफ उरले होते. सगळे नायजर देशात, राजधानी नियामेपासून साठेक किलोमीटरवरच्या कुरे गावाच्या परिसरात. तिथं ना अभयारण्य, ना कुंपण. झर्मा शेतकऱ्यांची बाजरी आणि चवळीची शेतं, फुलानी गुराख्यांची गुरं, आणि त्यांच्यामधून चालणारे जिराफ. पावसाळ्यात ते पठारावर चढतात. तिथली झुडपं आणि उघडी माती वरून पाहिली तर वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी दिसते. पाऊस सरला की खाली दल्लोल बोस्सोच्या खोऱ्यात येतात. या भागात सिंह राहिलेला नाही. खरा धोका शिकारीचा आणि कुऱ्हाडीचा. नियामेच्या चुली याच झुडपांच्या सरपणावर पेटतात.

शिकारीवर कडक बंदी आली, गावकऱ्यांतूनच वाटाडे तयार झाले, पर्यटकांच्या पैशाचा आणि छोट्या कर्जांचा आधार मिळाला, आणि ४९ चे सहाशेच्या वर गेले. हे वाचून बरं वाटतं, पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहायला हवं. जिराफ त्याने काढून ठेवलेल्या चवळीवर ताव मारतो, आंबे फस्त करतो. बाजरीच्या जिवावर वर्ष काढणाऱ्या घराला हे नुकसान थोडं नाही. तरीही तो दगड उचलत नाही, याचं श्रेय त्याचं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये याच कुरेजवळ जिराफ पाहायला गेलेल्या सहा फ्रेंच मदत कार्यकर्त्यांना दहशतवाद्यांनी ठार केलं. सोबतचा चालक आणि स्थानिक वाटाड्याही मारले गेले. जिराफांच्या आधाराने उभी राहिलेली रोजीरोटी त्या दिवशी हादरली.

सगळे जिराफ एकाच ठिकाणी असणं धोक्याचं, म्हणून २०१८ मध्ये त्यांतले आठ जण जवळपास ८०० किलोमीटर लांब गदाबेजीच्या राखीव क्षेत्रात हलवले गेले. जिराफ पकडण्याची रीत पाहिली की त्याच्या रक्ताचं सगळं गणित पुन्हा डोळ्यांपुढे येतं. भुलीचं औषध भरलेला बाण लागला की तो भरकटत पळू लागतो. माणसं दोर टाकून त्याला आडवा पाडतात आणि लागलीच औषधाचा उतारा देतात. गुंगी लांबली तर श्वास आणि रक्ताभिसरण कोलमडून तो मरू शकतो. म्हणजे पुढचं सगळं काम पूर्ण जाग्या जिराफावर करायचं. चार-पाच जण त्याच्या मानेवर भार देऊन बसतात, कारण डोकं उचलता आलं नाही तर त्याला उभं राहता येत नाही. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. हाताखाली मानेतल्या धमनीचे ठोके लागत असतात. मग कुणीतरी खूण करतं, सगळे एकदम बाजूला होतात. मान आधी वर जाते, तिच्यामागून ते अवजड धड उठतं, आणि डोळे बांधलेला तो प्राणी दोरांच्या आधाराने, सावकाश, गाडीच्या दिशेने पहिलं पाऊल टाकतो.