जहाजाची सहल : काय न्यावे, काय घरी ठेवावे?

आपल्या वस्तीत सहल म्हटली की डोळ्यांसमोर येते ती एस.टी., मांडीवरची पिशवी आणि फडक्यात बांधलेल्या चपात्या. जहाजाच्या खोलीत राहून समुद्रातून फिरायचे, हे श्रीमंतांचे काम असेच आपण समजत आलो. पण आमच्या लेकीला नोकरी लागली. दोन वर्षे पैसे साठवून तिने आम्हा दोघांना आणि आमच्या आईंना मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची सहल घडवली. तिकीट हातात आले आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला : बरोबर न्यायचे काय?

विचारायचे तरी कुणाला? चाळीत कुणीच गेलेले नव्हते. एकाने सांगितले, सुटाबुटाशिवाय जेवायला बसू देत नाहीत. दुसरी म्हणाली, डबा आणि स्टोव्ह न्या, तिथले जेवण महाग पडेल. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. आम्ही चुकत चुकत जे शिकलो, ते अशी सहल ठरवणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

औषधे आणि कागद हातातच

आमची सर्वात मोठी चूक आधी सांगतो. बंदरावर मोठ्या बॅगांना खोली क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या ताब्यात घेतात, यंत्रातून तपासतात आणि मग खोलीच्या दारात आणून ठेवतात. यात काही तास जातात. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. दुपारी दिलेली बॅग रात्री मिळाली. तोपर्यंत गोळीची वेळ टळून गेली होती आणि आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून एक छोटी पिशवी खांद्यावरच ठेवावी. तीत सर्व दिवस पुरून दोन दिवस उरतील इतकी औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, तिकीट, मूळ ओळखपत्र, मोबाइल व चार्जर आणि कपड्यांचा एक जोड असावा. देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजासाठी भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. सरकारी छायाचित्र ओळखपत्र चालते. परदेशी बंदराला जाणारे जहाज असेल तर पासपोर्ट हवाच. लहान मुलांचेही ओळखपत्र लागते. घरात कुणी गरोदर असेल तर पैसे भरण्यापूर्वीच चौकशी करा. 24 आठवड्यांपुढील गर्भवतीला बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

जे नेले आणि परत द्यावे लागले

आमच्या बॅगेतून इस्त्री निघाली, पाणी तापवायची कॉइल निघाली आणि फळे कापायची सुरी निघाली. तिन्ही वस्तू काढून घेतल्या. लोकांसमोर बॅग उघडली गेली तेव्हा आम्हाला फार ओशाळल्यासारखे झाले. पण कारण समजल्यावर राग गेला. भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब येत नाही. म्हणून तापणारी कोणतीही वस्तू, मेणबत्ती, अगरबत्ती, रॉकेल, फटाके घरीच ठेवावेत. सकाळच्या वंदनेसाठी आम्ही मेणबत्तीचा पुडा घेतला होता, तोही परत ठेवला. हात जोडायला ज्योत लागतेच असे नाही, असे आई म्हणाल्या.

तारेचे एक्स्टेन्शन बोर्ड आणि बाहेरची दारूही चालत नाही. घरी शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. त्याची गरजही पडत नाही. नाश्ता आणि दोन वेळचे जेवण भाड्यातच असते. तान्ह्या बाळाचे खाणे मात्र आधी विचारून न्यावे.

कपड्यांसाठी कर्ज नको

आता जिव्हाळ्याचे बोलतो. चारचौघांत आपण उठून दिसू, हसू होईल, या धास्तीने आम्ही भिशी उचलून नवे कपडे घ्यायला निघालो होतो. लेकीने अडवले. ते बरे झाले. जहाजावर सर्व तऱ्हेची माणसे होती. साध्या साडीकडे कुणी वळूनही पाहिले नाही. संध्याकाळसाठी एक बरी साडी, एक इस्त्रीचा शर्ट-पँट पुरे. बनियन किंवा लुंगीवर जेवणाच्या दालनात जाऊ नये, एवढेच. तीन रात्रींना प्रत्येकी चार जोड भरपूर होतात. आमचे निम्मे कपडे घडी न मोडता घरी आले.

त्याऐवजी या वस्तू आठवणीने घ्या : शाल किंवा स्वेटर, कारण आत वातानुकूलन थंड असते आणि वर डेकवर वारा सुटतो, न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला, वाऱ्याने उडणार नाही अशी टोपी, पोहायचे असेल तर नायलॉनचा पोशाख, कारण साडीने तलावात उतरू देत नाहीत. खोली लहान असते. म्हणून टणक सुटकेसपेक्षा घडी होऊन पलंगाखाली जाणारी कापडी बॅग बरी. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात. लोहचुंबकाचे दोन हुक नेले तर पिशव्या आणि ओला टॉवेल टांगता येतो.

पैशाचा हिशेब

जहाजावर नोटा फिरत नाहीत. चढताना एक कार्ड मिळते. तीच खोलीची किल्ली आणि तेच उधारीचे खाते. शीतपेय, फोटो, इंटरनेट सर्व त्यावर लिहिले जाते आणि शेवटच्या दिवशी एकदम बिल येते. पोरांच्या हाती कार्ड देऊ नका. बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क भाड्याहून वेगळे असू शकतात, ते आधीच विचारा. किनारा सुटला की मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका. नाही तर जहाजाच्या उपग्रह यंत्रणेवरून फोन लागून मोठे बिल येते.

गोव्यात मुरगावला उतरताना कार्ड आणि ओळखपत्र जवळ ठेवा आणि परतीची वेळ लिहून घ्या. एस.टी.चा कंडक्टर एखादे वेळी थांबेल, जहाज थांबत नाही.

भीती ठेवा घरी, सावधगिरी घ्या बरोबर

आईंचे माहेर रेवसच्या बाजूचे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या घरात ती गोष्ट प्रत्येक पावसाळ्यात सांगितली जाई. त्यामुळे त्या यायलाच तयार नव्हत्या. खवळलेला समुद्र टाळायला आम्ही हिवाळ्याचे दिवस निवडले, तरी त्यांची समजूत पटेना.

त्यांना धीर आला तो जहाजावरच्या कवायतीने. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे मोठे जहाज खडकावर आदळून 32 माणसे दगावली. अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला : जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांना संकटात कुठे जमायचे ते दाखवलेच पाहिजे. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जायचे. ही कवायत कंटाळा करून चुकवू नका. आईंनी जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते दोनदा विचारून घेतले.

मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी; उलटी सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. आल्याचा तुकडा चघळावा, डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली खोली घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात.

जहाज सुटले तेव्हा आई कठड्याशी उभ्या होत्या. डाव्या हाताला मांडवा-रेवसचा किनारा दिसत होता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या बापाला हे दाखवायला हवं होतं.”

वाचकहो, ऐपत असेल तेव्हाच जा, पण उसने घेऊन जाऊ नका. आणि गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवू नका.