पोटातील कळ आणि रक्तातील आकडे

बेंबीच्या वर एकाएकी कळ उठते, ती पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसल्यावर जरा बरे वाटते. आपल्याकडे याला सरसकट ‘पित्त झाले’ म्हणतात. ओवा, सोडा, मग दुकानातून आणलेली गोळी, असे दोन-तीन दिवस जातात. असा रुग्ण आला की मी आधी विचारतो, दुखणे नेमके केव्हा सुरू झाले? रक्ताच्या तपासणीचा अर्थ त्यावर ठरतो.

जठरामागे आडवे असलेले स्वादुपिंड पाचकरस तयार करते. त्याला सूज आली की हे रस स्वादुपिंडालाच जाळू लागतात आणि त्यातील अमायलेज व लायपेज रक्तात उतरतात. अमायलेज काही तासांत वाढते, पण साधारण ३ ते ५ दिवसांत पूर्ववत होते. लायपेज ८ ते १४ दिवस वाढलेले राहते. म्हणजे पाचव्या दिवशी नुसते अमायलेज तपासले, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो, आजार मात्र पोटात असतो! शिवाय अमायलेज लाळेतही असते, त्यामुळे ते गालगुंडातही वाढते. सोय असेल तेथे लायपेजच करावे, या मताचा मी आहे.

किती वाढ धरायची? कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट. तीही एकटी पुरत नाही. विशिष्ट वेदना, ही वाढ आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमधील खुणा, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्के.

नातेवाईक रिपोर्ट घेऊन येतात, ‘डॉक्टर, परवा बाराशे होते, आज चारशे. धोका टळला ना?’ तसे नसते. या आकड्यावरून आजाराची तीव्रता कळत नाही. थोड्या वाढीतही रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून ही तपासणी रोज करण्यात पैसे जातात, एवढेच. नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, रक्तातील युरिया यांवर आमचे लक्ष अधिक असते.

कारण शोधण्यासाठी मात्र रक्त पुन्हा लागते. पित्तखड्याची शंका यकृताच्या तपासणीतून येते. ट्रायग्लिसराइड १००० च्या वर असेल तर तेच कारण असू शकते, आणि अशा रक्तात अमायलेज फसवे, नॉर्मल दिसते. दारूची सवय असल्यास ती रुग्णाने स्वतः सांगावी; बायकोसमोर संकोच वाटत असेल तर तिला बाहेर बसवून सांगावी.

चाळिशीपुढच्या माणसाला अशी कळ आली, तर रक्त देण्याआधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटातच दुखतो.