डांबराचा गाळ आणि तेलाचा तोल

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. त्या डांबराला घट्टपणा देणारा अस्फाल्टीन हा घटक जड कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात मात्र मोठी अडचण होतो. तेलात त्याचे कण रेझिन या तेलातल्याच घटकांच्या आधाराने तरंगत राहतात. डिझेल वाढवण्यासाठी उरलेलं जड तेल हायड्रोजनच्या दाबाखाली ४०० अंशांच्या वर तापवलं, की रेझिनं मोडतात, भोवतालचं तेल पॅराफिनी होतं आणि निराधार कण गाळ होऊन उष्णता-विनिमयकांत चिकटतात. म्हणून गाळ उपसण्यापेक्षा कण आणि त्यांना धरून ठेवणारं तेल यांच्यातला तोल सांभाळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

गाळून घेतलं की झालं, असं कुणी म्हणेल. पण गाळलेलं तेल अस्थिर असेल तर साठवणीत पुन्हा गाळ धरतं. तोल राखायला तापमान उतरवलं तर डिझेल घटतं, हा आक्षेप खरा आहे. तरीही अ‍ॅरोमॅटिक तेलाचा प्रवाह मिसळणं, द्रावकाने अस्फाल्टीन आधीच वेगळं काढणं किंवा तेलात विखुरणारा उत्प्रेरक वापरणं, या उपायांनी तो तोटा बराच भरून निघतो. शिवाय गाळामुळे संयंत्र बंद ठेवावं लागलं, तर त्या दिवसांचं डिझेल पूर्णच जातं. जहाजांच्या जड इंधनात गाळाची मर्यादा वजनाच्या ०.१० टक्के आहे. अस्थिर तेल तिथेही नापास होतं.