जेवतांना काय प्यावें?

स्वयंपाक काय करावा, हा प्रश्न आपल्या घरोघरीं रोज दोन वेळां निघतो. परंतु त्याबरोबर प्यावयास काय द्यावें, याचा विचार फारसा होत नाहीं. पानाजवळ तांब्याभांडें ठेविलें कीं काम झालें, असें आपण समजतों. वास्तविक आपल्या वैद्यकांत या विषयास स्वतंत्र नांव आहे. अन्नाबरोबर किंवा अन्नामागून जें प्यावयाचें, तें अनुपान. आज हा शब्द औषधाच्या पुडीबरोबर घ्यावयाच्या मधापुरताच उरला आहे. पण चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांनींही तो रोजच्या जेवणासंबंधानें योजिला आहे.

आमचें लक्ष या विषयाकडे वळलें तें गेल्या होळीच्या दिवशीं. आमच्या एकत्र कुटुंबांत सणास पंधरा-वीस पानें होतात. पुरणपोळीचें जेवण चालू असतां नातवंडांनीं बाजारच्या फसफसणाऱ्या गोड पेयाची मोठी बाटली पंक्तींत आणली. आम्ही रागावलों. तेव्हां थोरला नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही नको म्हणतां तर नको, पण मग काय प्यायचें, आणि तेंच कां, एवढें सांगा.” वर्गांत मुलांस ‘कां’ विचारावयास शिकविण्यांत आमचा जन्म गेला; पण त्या वेळीं उत्तर सुचेना. पलीकडे बसलेल्या आमच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पोळीचा घांस खाऊन त्याला तें पिऊन तर पाहूं द्या.” नातवानें तसें केलें आणि तोंड वांकडें केलें. “गोड लागतच नाहीं, नुसतें जिभेला चावतें!” वहिनींनीं हंसत त्याच्यापुढें कटाच्या आमटीची वाटी सरकविली.

जिलबीवर चहा फिका लागतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. अधिक गोड पदार्थ कमी गोड पेयाची गोडी मारून टाकतो. फ्रान्स, इटली इत्यादि देशांत जेवणाबरोबर द्राक्षासव घेण्याची चाल आहे. तेथील जाणतेही हेंच सांगतात, कीं गोड पदार्थाबरोबरचें आसव त्या पदार्थाहून गोड असावें, नाहीं तर तें आंबट लागतें. आणि स्निग्ध अन्नाबरोबर आंबटसर आसव असावें, म्हणजे तोंडाचा ओशटपणा जातो. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचें धोरण आखलें. तेव्हांपासून नाशिककडे अशा आसवांचे कारखाने बरेच वाढले आहेत. आमच्या घरीं तो प्रश्न नाहीं. परंतु त्यामागील विचार समजून घेण्यास कोणता प्रत्यवाय?

तोच विचार आपल्याकडेही आहे. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानांत, आठव्या अध्यायांत, अनुपानाचें सूत्र थोडक्यांत सांगितलें आहे. अनुपान अन्नाच्या गुणांहून उलट असावें, पण अन्नाशीं विरोध करणारें नसावें. गव्हाच्या व जवाच्या अन्नावर त्यानें थंड पाणी सांगितलें आहे, पिठाच्या जड पदार्थांवर कोमट पाणी, आणि भाज्या व मुगाच्या पदार्थांवर ताक, दह्याची निवळ किंवा कांजी.

हें सूत्र हातीं धरून आपल्या पंक्तीकडे पहावें. जिलबी गोड व तुपकट. म्हणून तिच्याबरोबर आलें, हिंग, जिरें व मीठ घातलेला आंबट, पातळ मठ्ठा. पुरण जड व गोड. म्हणून ज्या डाळीचें पुरण तिच्याच पाण्याची झणझणीत आमटी. आमटी हें पेय नव्हे खरें, पण काम तेंच करते, आणि पाणीही फुकट जात नाहीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास वाटली डाळ कोरडी व तिखट; तिच्याजवळ गूळ-वेलची घातलेलें कैरीचें पन्हें. कोंकणांत व गोव्याकडे तिखट जेवणाच्या शेवटीं सोलकढी. आमसुलाचा आंबटपणा व नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा तींत एकत्र येतात. नांव कढी असलें तरी ती उकळूं नये, उकळल्यास फुटते.

तिखट उसळीवर ताकच कां, याचें उत्तर आतां रसायनशास्त्रही देतें. मिरचींतील तिखट द्रव्य पाण्यांत नीट विरघळत नाहीं. म्हणून तांब्याभर पाणी पिऊनही जिभेची आग शमत नाहीं. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन मात्र त्या द्रव्यास जिभेवरून ओढून घेतें, आणि तें ताकांतही असतें.

खर्चाचें म्हणाल, तर एका वाटी दह्यांत तीन वाट्या पाणी घालून घुसळलें, कीं चार माणसांची सोय होते. अमरकोशांत चतुर्थांश पाण्याचें तें तक्र, निम्म्या पाण्याचें तें उदश्वित् व बिनपाण्याचें तें मथित, अशीं तीन नांवें आहेत. आमच्या पंक्तीच्या ताकास मात्र अमरसिंहाजवळ नांव नाहीं! उलट बाजारच्या कोला-पेयाच्या पाव लिटरांत सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. आणि गोडाच्या जेवणावर तीही लागत नाहीं, हें नातवाच्या जिभेनेंच सिद्ध केलें.

त्या दिवशीं दुपारीं आम्ही वहिनींपाशीं बसलों. त्यांनीं वाग्भटाचें नांवही ऐकलेलें नाहीं. परंतु कोणत्या अन्नावर काय, ताक दुपारीं कां व रात्रीं कां नको, पन्ह्यांत मिठाची चिमूट कशाला, हें सर्व त्या सहज सांगत गेल्या. कारणें विचारलीं तेव्हां म्हणाल्या, “सासूबाईंनीं सांगितलें होतें. तुम्ही कधीं विचारलेंच नाहीं, भाऊजी.” चाळीस वर्षें त्यांच्या हातचें जेवून आम्ही ग्रंथांत पाहत राहिलों! आतां त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. आमच्या थोरल्या सुनेनें एक वही घातली असून ती रोज त्यांस एक-दोन गोष्टी विचारून टिपून घेते, आणि नातू शेजारीं बसून ‘कां’ विचारतो. वाचकांनींही आपापल्या घरीं, विचारण्याजोगें माणूस आहे तोंवरच, अशी वही घालावी.