घटक ६ : दस्तऐवजांचे प्रतिमांकन आणि जतन – कंटेंट सर्व्हरची ओळख

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• दस्तऐवजाची प्रतिमा आणि दस्तऐवजातील मजकूर यांतील फरक स्पष्ट करणे.
• कंटेंट सर्व्हरचे कार्य आणि स्कॅनिंगच्या तीन पद्धती सांगणे.
• शोधसूची तयार करताना मराठी लेखनामुळे निर्माण होणाऱ्या अडचणी ओळखणे व त्यांवर उपाय सुचवणे.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण पत्र, टिपणी, इतिवृत्त आणि अहवाल यांच्या लेखनाचा अभ्यास केला. लेखन पूर्ण झाल्यावर त्या कागदाचे पुढे काय होते, याचा विचार आता करावयाचा आहे. कार्यालयातील कागद एकदाच लिहिला जातो. परंतु हिशेब तपासणी, तक्रार, वारसाहक्क, न्यायालयीन दावा अशा निमित्तांनी तो पुढे कित्येक वर्षे शोधला जातो.

मराठी कारभाराला ही गरज नवीन नाही. पेशवे दफ्तरातील कागद कापडात बांधून ठेवले जात आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे रुमाल आजही पाहावयास मिळतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, तेव्हा हे कागद सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. कागद तोपर्यंतही सुरक्षित होते. परंतु कोणता कागद कोठे आहे हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नव्हता.

आज रुमालाची जागा संगणकाने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. कागदाचे चित्र काढून ठेवणे तुलनेने सोपे असते. ते चित्र पुन्हा सापडणे त्याला दिलेल्या नावावर अवलंबून असते आणि नाव देणे हे भाषेचे काम आहे. प्रस्तुत घटकातील मुख्य विचार हाच आहे.

विवेचनासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका साखर कारखान्यात रोज दोन प्रकारचे कागद येतात. पहिला, गंधक पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे बिल. दुसरा, ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची काट्यावरील वजन पावती. हे दोन्ही कागद संगणकात कसे जातात आणि पुन्हा कसे मिळतात, ते क्रमाने पाहू.

६.२ प्रतिमा आणि मजकूर

स्कॅनर कागदावरील अक्षरे वाचत नाही. तो कागदाचे असंख्य ठिपक्यांत विभाजन करतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवतो. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके मिळतात. केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात नोंद केल्यास, संकोचन न करता, ही प्रतिमा सुमारे ११ लाख बाइट जागा घेते. पूर्ण रंगीत असल्यास सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट. त्याच पानावरील दोन हजार देवनागरी चिन्हे युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठवली, तर प्रत्येक चिन्हाला ३ बाइट याप्रमाणे अवघे ६ हजार बाइट पुरतात.

हा फरक जागेपुरता मर्यादित नाही. मजकुरात ‘गंधक’ हा शब्द संगणकाला शोधता येतो. प्रतिमेत मात्र तो शब्द संगणकाच्या दृष्टीने नसतोच. तेथे फक्त काळे-पांढरे ठिपके असतात. याउलट स्वाक्षरी, शिक्का, समासातील शेरा, खाडाखोड या गोष्टी मजकुरात उतरत नाहीत; त्या प्रतिमेत दिसतात. म्हणून व्यवसायात प्रतिमा जतन करतात आणि तिच्या शोधासाठी स्वतंत्र माहिती नोंदवतात. या माहितीला आपण ‘शोधसूची’ म्हणू.

६.३ कंटेंट सर्व्हरचे कार्य

कारखान्याचे खरेदी, हिशेब आणि पगार यांचे व्यवहार एका मुख्य संगणक प्रणालीत चालतात. या प्रणालीच्या डेटाबेसमध्ये रकमा, तारखा, क्रमांक अशा आटोपशीर नोंदी असतात. लाखो प्रतिमा त्यातच साठवल्या, तर डेटाबेस फुगतो, काम मंदावते आणि सुरक्षित प्रती काढणे अवघड होते. म्हणून प्रतिमांसाठी वेगळा संगणक किंवा वेगळी व्यवस्था ठेवतात. हाच कंटेंट सर्व्हर होय.

जर्मनीतील सॅप या कंपनीच्या प्रणालीत ही रचना स्पष्ट दिसते. तेथे मुख्य प्रणाली आणि कंटेंट सर्व्हर यांच्यात ‘आर्काइव्हलिंक’ नावाचा दुवा असतो. प्रतिमा कंटेंट सर्व्हरवर गेली की तिला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. मुख्य प्रणाली आपल्या तक्त्यात एवढेच नोंदवते : हा व्यवहार कोणता, त्याच्याशी संबंधित कागद कोणत्या प्रकारचा, तो कोणत्या भांडारात आहे आणि त्याचा क्रमांक काय. हिशेबनीस बिलाची नोंद उघडून जोडलेला कागद मागतो, तेव्हा प्रणाली तो क्रमांक कंटेंट सर्व्हरला कळवते आणि सर्व्हर प्रतिमा पडद्यावर पाठवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंटेंट सर्व्हरला त्या प्रतिमेत काय आहे, हे ठाऊक नसते. कागद कोणाचा, कशाचा, केव्हाचा, हे ज्ञान मुख्य प्रणालीतील नोंदीत असते. ती नोंद नष्ट झाली किंवा चुकीची झाली, तर प्रतिमा शाबूत असूनही निनावी होते. म्हणूनच डेटाबेस आणि कंटेंट सर्व्हर या दोहोंच्या सुरक्षित प्रती परस्परांशी जुळतील अशा रीतीने घेणे आवश्यक असते.

६.४ स्कॅनिंगच्या तीन पद्धती

(अ) आधी स्कॅन, नंतर नोंद : गंधकाचे बिल टपालात येताच आवक विभागात स्कॅन होते. पुढे कागद फिरत नाही. त्याची प्रतिमा संबंधित लिपिकाच्या पडद्यावर जाते. लिपिक प्रतिमा पाहून नोंद करतो आणि त्याच वेळी प्रतिमा नोंदीशी जोडली जाते.

(आ) आधी नोंद, नंतर स्कॅन : लिपिक हातातील कागदावरून नोंद करतो. कागद पुढे केव्हातरी स्कॅन होतो आणि कोणीतरी ती प्रतिमा योग्य नोंदीला जोडतो. जुन्या सवयीला ही पद्धत सोयीची वाटते. परंतु जोडणी हाताने होत असल्याने कागद चुकीच्या नोंदीला लागण्याचा धोका अधिक असतो.

(इ) बारकोडच्या साहाय्याने : बिलावर आधी बारकोडची चिकटपट्टी लावतात. नोंद करताना लिपिक तो बारकोड यंत्राने वाचून नोंदीत समाविष्ट करतो. नंतर कागदांचा गठ्ठा एकत्र स्कॅन होतो. प्रतिमेतील बारकोड संगणक ओळखतो आणि दोन्हीकडील समान क्रमांक जुळवून प्रतिमा नोंदीला जोडतो.

भाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही सोस्यूरचा विचार अभ्यासला आहे : चिन्हक आणि चिन्हित यांतील संबंध नैसर्गिक नसून यादृच्छिक, संकेताने ठरलेला असतो. बारकोडमधील क्रमांकात गंधकाचे किंवा बिलाचे काहीही नसते. दोन्ही बाजूंनी तोच क्रमांक त्याच कागदासाठी मानला आहे, एवढ्यावर त्याचे कार्य चालते. यंत्राला असा निरर्थक क्रमांक पुरतो. माणूस मात्र कागद क्रमांकाने मागत नाही. तो नावाने मागतो. अडचण तेथूनच सुरू होते.

६.५ शोधसूचीची भाषिक बाजू

समजा, ऊस उत्पादक ज्ञानेश्वर साठे यांचे निधन झाले आहे आणि त्यांच्या पत्नीला जुन्या हंगामातील थकीत ऊस बिलासाठी वजन पावत्या हव्या आहेत. पावत्यांच्या प्रतिमा कंटेंट सर्व्हरवर आहेत. तरीही ‘पावत्या आढळत नाहीत’ असे उत्तर त्यांना मिळू शकते. त्याची कारणे चार प्रकारची संभवतात.

१. लिप्यंतर : नोंद इंग्रजी अक्षरांत केली असल्यास ‘ज्ञ’ कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी जी-वाय, तर कोणी जे-एन. ‘थ’ आणि ‘ठ’ या दोन्ही वर्णांसाठी टी-एच हीच अक्षरे वापरली जातात. एकाच माणसाची अशी तीन नावे होतात आणि दोन वेगळ्या आडनावांचे एक होते.

२. लेखनभेद : मराठीतही कुलकर्णी–कुळकर्णी, आप्पा–अप्पा असे भेद आढळतात. एका नोंदीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. एकीत पाळण्यातले नाव, दुसरीत घरगुती नाव. माणसाला हे भेद किरकोळ वाटतात. संगणकाला ते वेगळे शब्द असतात.

३. संकेतांकन : युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असत. असा मजकूर आज देवनागरीत शोधता येत नाही. युनिकोडमध्येही सावधगिरी हवी. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर त्यात २००८ साली आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. ‘ॲडव्हान्स’ हा शब्द या दोन्ही रीतींनी टंकला, तर दिसायला सारखा आणि संगणकाला वेगळा ठरतो. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षरही दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येते.

४. अक्षर-ओळख : प्रतिमेवरून मजकूर तयार करणारी सॉफ्टवेअर आज मराठीसाठीही उपलब्ध आहेत, टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर त्यांपैकी एक. तथापि शिरोरेषेने जोडलेली अक्षरे, वर-खाली लागणारी चिन्हे आणि जोडाक्षरे यांमुळे चुका होतात. पुसट छपाईत ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘ख’चा ‘रव’ होऊ शकतो. हस्ताक्षरात हे प्रमाण वाढते. म्हणून अशा मजकुराची माणसाने तपासणी करणे अपरिहार्य आहे.

या अडचणींवरील उपाय मुख्यतः भाषिक शिस्तीचे आहेत. व्यक्तीची ओळख नावावर न सोपवता सभासद क्रमांकासारखा कायम क्रमांक नोंदवावा आणि नाव त्याच्या जोडीला ठेवावे. नावाचे एक मान्य रूप ठरवून इतर रूपे त्याच्याकडे निर्देश करणारी म्हणून नोंदवावीत. दस्तऐवजांच्या प्रकारांबाबतही असेच करावे. ‘बिल’, ‘देयक’, ‘बीजक’, ‘इन्व्हॉइस’ असे चार शब्द चार लिपिकांनी वापरले, तर एकाच प्रकारचे कागद चार ठिकाणी विखुरतात. म्हणून मान्य संज्ञांची ‘नियंत्रित शब्दसूची’ तयार करतात. कारभाराच्या संज्ञा निश्चित करण्याची परंपरा आपल्याकडे शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या शासन व्यवहार कोशापर्यंत आलेली आहे. शोधसूची तयार करणारा लिपिक लहान प्रमाणावर तेच कार्य करत असतो.

६.६ जतनाचा काळ आणि कायदा

कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांतील नोंदींची व्हाउचरे किमान ८ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील जतनाला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ ने तीन अटींवर मान्यता दिली आहे. पहिली, माहिती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध राहावी. दुसरी, ती मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूकपणे दाखवता येईल अशा स्वरूपात असावी. तिसरी, तिचा उगम, ती कोणाकडे गेली आणि पाठवण्याची व मिळण्याची तारीख-वेळ ओळखता येईल असा तपशील सोबत असावा. यांतील पहिली आणि तिसरी अट आपण पाहिलेल्या शोधसूचीशी थेट निगडित आहे. मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यांची मूळ प्रतच सांभाळावी लागते.

प्रतिमेसाठी टिफ किंवा पीडीएफ-ए ही स्वरूपे प्रचलित आहेत. पीडीएफ-ए हे दीर्घकालीन जतनासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २००५ साली प्रसिद्ध झाले. संगणकावर तयार केलेला दस्तऐवज या स्वरूपात ठेवताना त्यातील फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करावे लागतात. त्यामुळे एखादा मराठी फॉन्ट पुढे वापरातून गेला, तरी मजकूर आज दिसतो तसाच दिसत राहतो.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद लगेच नष्ट करण्याचा मोह आवरावा. पान सुटले आहे का, पाठीमागील शेरा आला आहे का, रक्कम स्पष्ट वाचता येते का आणि सूचीतील नावाने ती प्रतिमा खरोखर सापडते का, हे पाहिल्यानंतर, तसेच त्या कागदाची मूळ प्रत ठेवणे कायद्याने आवश्यक नाही याची खात्री केल्यानंतरच तो निर्णय घ्यावा.

६.७ सारांश

कंटेंट सर्व्हर प्रतिमा सांभाळतो, मुख्य प्रणाली त्या प्रतिमेची ओळख सांभाळते आणि या दोहोंतील दुवा टिकला तरच दस्तऐवज जतन झाला असे म्हणता येते. बारकोड, संकोचन, सुरक्षित प्रती ही तंत्रज्ञांची कामे आहेत. नावाचे रूप ठरवणे, संज्ञा निश्चित करणे आणि अक्षर-ओळखीतील चुका दुरुस्त करणे यांसाठी मात्र मराठीचे लेखन, लिपी आणि शब्दसंग्रह जाणणारी व्यक्ती लागते. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हे शिक्षण घेत आहात. आपल्या कार्यालयात अशी सूची तयार होत असेल, तर त्या कामात तुमच्या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. ज्ञानेश्वर साठे यांच्या पत्नीला पावत्या मिळणे किंवा न मिळणे त्या सूचीतील एका नोंदीवर ठरते.

६.८ सरावासाठी स्वाध्याय

१. प्रतिमा आणि मजकूर यांतील फरक सांगून शोधसूचीची आवश्यकता स्पष्ट करा.
२. स्कॅनिंगच्या तीन पद्धतींची तुलना करा. तुमच्या कार्यालयाला कोणती पद्धत योग्य ठरेल? सकारण लिहा.
३. ‘यादृच्छिक चिन्ह’ ही संकल्पना बारकोडच्या उदाहरणाने समजावून सांगा.
४. उपक्रम : आपल्या घरातील वीज बिल, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा उतारा, औषधोपचाराचे कागद अशा २० कागदांची शोधसूची तयार करा. एकाच व्यक्तीचे नाव त्यांत किती प्रकारे लिहिलेले आढळते, याची नोंद घ्या आणि प्रत्येक नावाचे एक मान्य रूप निश्चित करा.