मंगलोरी कौलाचे फ्रेंच मूळ

पुण्याच्या पेठांत जुना वाडा पाडायला घेतला की आधी छपरावरची कौले उतरतात. शनिवार पेठेत अशाच एका ढिगाजवळ थांबून आम्ही एक कौल उलटे करून पाहिले. पाठीवर कारखान्याचे नाव, कडांना खाचा आणि रिपेवर अडकण्यासाठी छोटी खुंटी. हे मंगलोरी कौल. त्याची मूळ कल्पना मात्र फ्रान्सची!

त्याआधी आपल्याकडे नळीची कौले असत. कुंभार चाकावर मातीची नळी काढी आणि ती उभी चिरून दोन कौले करी. ती छपरावर नुसती ठेवलेली असल्याने वाऱ्याने, माकडांनी सरकत आणि दर पावसाळ्याआधी घर शाकारावे लागे. फ्रान्सच्या अल्सास भागातील आल्टकिर्श येथे जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे पेटंट घेतले. पुढे मार्सेय बंदरातून अशी कौले जहाजाने मुंबईपर्यंत येऊ लागली. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कारखाना काढला. नदीकाठची माती तिथलीच, घडण फ्रेंच धर्तीची.

आता मातीकडे वळू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी मातीच्या भिंती पाण्यात भिजून बसल्या. भिंत मातीची, कौलही मातीचे. मग पाण्यात भिंतीचा चिखल होतो आणि कौल मात्र कौलच राहते, हे कसे?

चिकणमाती उन्हात वाळते तेव्हा कणांच्या मधले पाणी निघून जाते. ते पुन्हा मिळाले की कण परत सुटे होतात. भट्टीत तापमान सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसवर गेले की कणांच्या स्फटिकरचनेत बांधलेले पाणीही सुटते आणि ती रचनाच मोडते. आणखी तापवले की मातीतील काही घटक थोडे वितळून कणांना सांधतात. हा बदल नुसत्या पाण्याने उलटत नाही. मातीतल्या लोहाला भट्टीत भरपूर हवा मिळाली तर कौल लाल होते. हवा कोंडली तर काळपट.

तरीही कौल सच्छिद्र असतेच. माठ पाझरतो, मग छप्पर का गळत नाही? माठात पाणी साठून राहते. उतरत्या कौलावरून ते वाहून जाते. जे थोडे आत शिरते त्याला बारीक छिद्रे केशाकर्षणाने धरून ठेवतात. सांध्यात आलेले पाणी खाचेतून खालच्या कौलावर उतरते. उतार फार कमी ठेवला तर मात्र मंगलोरी कौलही गळते, हे काही हौशी बंगलेवाले विसरतात.

वर्गात करून पाहण्याजोगे : कोरड्या कौलाचा तुकडा तोलावा, रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोलावा. वजनातली वाढ म्हणजे छिद्रांत शिरलेले पाणी. शेजारी वाळलेल्या कच्च्या मातीचा गोळा दुसऱ्या भांड्यात ठेवावा. तो काही वेळातच विरू लागेल. नंतर कौलाचा तुकडा खलबत्त्यात कुटून त्या पुडीत पाणी घालावे आणि गोळा वळतो का पाहावे. वळणार नाही. पण अशीच भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरकी, जुने गवंडी चुन्यात मिसळत आणि तो चुना ओलाव्यातही घट्ट बसे. शनिवार पेठेतला ढीग भरावासाठी निघाला होता. त्यातले एक अखंड कौल आम्ही प्रयोगासाठी मागून आणले.